मिकासा 1:200 : नागपूरच्या हवेत टिकेल असं लढाऊ जहाजाचं मॉडेल

हल, म्हणजे जहाजाचं धड, फेब्रुवारीत कापायला घ्या आणि मृग लागायच्या आत त्यावर सीलरचे हात मारून तो बंद करा. बाकी कामं मागेपुढे झाली तरी निभावतं, हे नाही. मे महिन्यात इथे दुपारी पारा 45 च्या पुढे जातो आणि हवेत ओल नावालाही नसते. जुलैत भिंतीसुद्धा दमट लागतात. या दोन टोकांमध्ये उघडं लाकूड आणि एमडीएफ फुगतं, मग आकसतं. आधीच रंग चढवलेला असेल तर दिवाळीच्या सुमाराला सांध्यांवर केसाएवढ्या चिरा उमटतात आणि त्या वरून पुन्हा रंग मारून जात नाहीत. परदेशी मार्गदर्शिकांत याबद्दल फारसं काही नसतं, कारण तिकडे ही अडचण एवढी टोकाची नसते.

म्हणून कामाचा क्रम ऋतूप्रमाणे लावायचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये हल, एप्रिल-मे मध्ये लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) आणि घासणं, पावसाळ्यात घरात बसून तोफा, होड्या, जहाज ढकलणारे पंखे (प्रोपेलर) असे बारीक भाग, ऑक्टोबरनंतर रंग, आणि दोऱ्या सगळ्यांत शेवटी.

कोणतं जहाज, कोणत्या दिवसाचं

पहिल्या लढाऊ जहाजासाठी मिकासा निवडायला कारणं आहेत. इंग्लंडमधल्या बॅरो इथे व्हिकर्सने बांधलेलं हे जपानी जहाज 8 नोव्हेंबर 1900 ला पाण्यात उतरलं, 1902 मध्ये आरमारात दाखल झालं, आणि 27-28 मे 1905 च्या रशियाविरुद्धच्या त्सुशिमाच्या लढाईत अ‍ॅडमिरल तोगोंचं ध्वजजहाज होतं. आजही ते जपानमधल्या योकोसुकाला जतन केलेलं आहे, त्यामुळे फोटोंना तोटा नाही. बाजू बऱ्यापैकी सरळ, धुराडी दोन, डोलकाठ्या दोन, मोठे टरेट, म्हणजे तोफांचे फिरते बुरूज, दोनच. दुसऱ्या महायुद्धातल्या यामातो किंवा बिस्मार्कच्या वरच्या बांधकामात जी गुंतागुंत आहे ती इथे नाही.

मापही सोयीचं. जहाजाची लांबी 131.7 मीटर, रुंदी 23.2 मीटर. 1:200 ला, म्हणजे खऱ्याच्या दोनशेव्या हिश्श्यात, ते 658.5 मिमी आणि 116 मिमी होतं, म्हणजे भिंतीतल्या साध्या कपाटात मावतं. 1:350 ला हेच जहाज 376 मिमीचं होतं, पण मग बारा पौंडी (बारा पौंडांचा गोळा टाकणाऱ्या) लहान तोफेचं तोंड 0.2 मिमीचं होतं आणि हाताने बांधण्यातली मजा संपते. इतक्या लहान मापात प्लास्टिकचं किट घेणंच शहाणपणाचं.

आता तारीख ठरवा, आणि ती कागदावर लिहून टेबलासमोर लावा. सप्टेंबर 1905 मध्ये सासेबो बंदरात दारूच्या कोठाराचा स्फोट होऊन मिकासा बुडालं. वर काढून 1908 मध्ये ते नव्या तोफांसह परत सेवेत आलं. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचं वरचं बांधकाम काढून टाकलं गेलं आणि 1961 मध्ये नव्याने उभं केलं गेलं. म्हणजे आज योकोसुकाला दिसतात त्या तोफा, पूल (जहाज चालवायचा मंच), धुराडी हे 1905 चे पुरावे नव्हेत. शिवाय जहाज जमिनीत पक्कं बसवलेलं आहे, त्यामुळे पाणरेषेखालचा आकार तिथल्या फोटोंत मिळणारच नाही. त्सुशिमाचं मिकासा करायचं असेल तर आकारासाठी आराखडा, तपशिलासाठी 1905 पर्यंतचे काळे-पांढरे फोटो, आणि आजचे फोटो फक्त एखादी वस्तू साधारण कशी दिसते हे कळण्यापुरते, असा अग्रक्रम ठेवा. या तिघांची सरमिसळ झालेली मॉडेलं नेहमी पाहायला मिळतात.

आराखडा आणि सामान

आराखड्यात तीन दृश्यं हवीतच: बाजूचं, वरचं, आणि आडवे छेद. छेद नसलेला आराखडा कितीही देखणा असला तरी घेऊ नका, त्यावरून हल होत नाही. प्लॉटरवर ए-वन कागदावर प्रिंट काढा. कागद 841 मिमी लांब असतो, जहाज आडवं आरामात बसतं. दुकानातून निघायच्या आधी स्टीलची पट्टी लावून लांबी मोजा. 658.5 च्या जागी 652 येत असेल तर कुठेतरी 'कागदात बसवा' हा पर्याय चालू राहिलाय. एक मिमीपर्यंतचा फरक सोडून द्या, त्याहून जास्त असेल तर प्रिंट परत काढून घ्या. झेरॉक्सवर मोठं करून घेऊ नका, ती लांबी आणि रुंदी वेगवेगळ्या प्रमाणात ताणते.

हलसाठी 6 मिमी एमडीएफ. प्लायच्या दुकानातून 8 बाय 2 फुटांचा अर्धा शीट घ्या. 680 बाय 130 मिमीचे तुकडे लांबीत तीन आणि रुंदीत चार, असे नेमके बारा निघतात आणि बारा थरच लागतात. नाळेसाठी (जहाजाच्या पुढच्या टोकासाठी) शिवणीचा एक ठोकळा लकडगंजातल्या आरागिरणीवर मागा. तान्ह्या पोळ्याचे बैल घडवणाऱ्यांना लागतं तसं, बिनगाठीचं, वाळलेलं लाकूड हवं, असं सांगितलं की समजतं. ओलं लाकूड स्वस्तात मिळालं तरी नको. बाकी सामान म्हणजे इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानांतून फेव्हिकॉल, अरल्डाइट, एनसी (नायट्रोसेल्युलोज) सँडिंग सीलर, लांबी, 120 पासून 800 नंबरपर्यंतचा पॉलिश पेपर आणि 3 मिमी जाडीची पितळी नळी, साइनबोर्डवाल्याकडून 3 मिमी सनबोर्डचे उरलेले तुकडे, मोटर वाइंडिंगवाल्याकडून 42 आणि 30 गेजची तांब्याची तार. कूलरचे पंप जळतात म्हणून वाइंडिंगचं दुकान इथे प्रत्येक वस्तीत सापडतं, आणि दहा-वीस मीटर तारेला कोणी नाही म्हणत नाही. तोफांसाठी औषधाच्या दुकानात जायचं आहे, ते पुढे.

हल : बारा थर

आधी व्हर्नियरने एमडीएफची जाडी मोजा. सहा म्हणून विकलेला शीट 5.7 किंवा 5.5 चा असू शकतो. हलची उंची तळापासून वरच्या डेकपर्यंत साधारण 70 मिमी येते. बारा थर 6 चे धरले तर 72, पण 5.7 चे असतील तर 68.4. हा साडेतीन मिमीचा फरक खऱ्या जहाजावर 70 सेंटिमीटर होतो, म्हणजे तोफांच्या खिडक्या पाण्याच्या तेवढ्या जवळ जातात. म्हणून आधी जाडी मोजायची, मग त्याच जाडीच्या अंतराने आडव्या छेदांवर रेषा मारायच्या, आणि प्रत्येक रेषेवरची रुंदी उचलून प्रत्येक थराचा आकार काढायचा. आराखड्यावर छापलेल्या पाणरेषा जशाच्या तशा वापरल्या तर त्या तुमच्या थरांशी जुळणार नाहीत.

प्रत्येक थरावर मध्यरेषा आणि दहा आडव्या रेषा दोन्ही बाजूंना आणि कडेवरही काढा. मध्यरेषेवर दोन ठिकाणी 6 मिमीची भोकं पाडा, त्यांत लाकडी खुंट्या बसतील आणि चिकटवताना थर सरकणार नाहीत. फेव्हिकॉल ओला असताना थर साबणासारखे घसरतात. खुंटी नसेल तर शिकंजा आवळला की दोन मिमी इकडेतिकडे झालंच.

हाताने फ्रेट सॉने कापा किंवा लेझर कटिंगवाल्याकडे द्या. लेझरने काम तासाभरात होतं, पण कड जळून काळी निघते. त्या काजळीवर ना लांबी नीट धरते ना सीलर, म्हणून 120 नंबरने खालचं तपकिरी दिसेपर्यंत घासा. सनबोर्ड मात्र लेझरवर कधीही देऊ नका. तो पीव्हीसी आहे. जळताना त्यातून निघणारा वायू फुप्फुसांना घातक असतो आणि यंत्रही गंजवतो. काम जाणणारा दुकानदार स्वतःच नकार देईल.

मधल्या आठ थरांची आतली जागा 25 मिमीची भिंत सोडून काढून टाका. भरीव हल अडीच किलोच्या आसपास जातो आणि वजनापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे भरीव एमडीएफ आतून सावकाश ओल ओढत राहतो. खुंट्यांसाठी मध्ये दोन पूल, म्हणजे न कापलेल्या आडव्या पट्ट्या, ठेवायला विसरू नका.

इथेच थांबून केसमेट, म्हणजे बाजूच्या तोफांचे कोनाडे, कापून घ्या. मिकासाच्या चौदा 6 इंची तोफांपैकी दहा हलच्या बाजूंत, एका बाजूला पाच अशा बसतात. थर सुटे असताना त्यांच्या खिडक्या आणि आतली पोकळी दोन मिनिटांत कापता येते. सगळं चिकटवल्यावर तीच गोष्ट पटाशीने करायची म्हणजे एमडीएफचे पापुद्रे निघणार. खिडकी आराखड्यापेक्षा अर्धा मिमी लहान ठेवा, नंतर कानशीने वाढवता येते.

चिकटवताना फेव्हिकॉल जुन्या एटीएम कार्डाने दोन्ही पृष्ठभागांवर पातळ ओढा. एकाच बाजूला जाड लावला तर तो थर ओल पिऊन वाकतो. एका वेळी सहा थर, खाली-वर कडप्प्याच्या फरश्या, भोवती शिकंजे. कमीत कमी बारा तास हात लावू नका. कूलरच्या झोतासमोर ठेवू नका, एका बाजूने वाळून हल केळीसारखा वळतो आणि तो पुन्हा सरळ होत नाही.

दोन्ही अर्धे जोडले की पुढचे 60 मिमी सरळ कापून टाका आणि तिथे शिवणीचा ठोकळा दोन खुंट्या आणि अरल्डाइट घालून बसवा. मिकासाच्या नाळेचं टोक पाण्याखाली पुढे आलेलं आहे, शत्रूच्या जहाजात घुसवण्यासाठी. एमडीएफमध्ये ते टोक कोरलं तर पहिल्याच धक्क्याला चुरा होतो. पिछाडीला सुकाणू आणि पंख्यांचे दांडे येतात तिथेही असाच छोटा ठोकळा घाला, नाहीतर भोक पाडताना थर उकलतात.

आता हल पायऱ्यापायऱ्यांचा दिसेल. कानस घेऊन पायऱ्यांचे कोपरे उतरवायचे. इथे डोळा ठेवायचा तो कोपऱ्यांवर नाही, आतल्या खाचांवर. प्रत्येक पायरीच्या आत, जिथे वरचा थर खालच्यावर टेकतो, तिथे फेव्हिकॉलची एक बारीक रेघ असते. ती रेघ नेमक्या आकारावर आहे. कोपरा घासत घासत त्या रेघेपर्यंत आला की थांबा. रेघ जाड व्हायला लागली किंवा डगमगली तर तुम्ही आकाराच्या आत गेलात. दोन्ही बाजूंच्या रेघा समोरून पाहिल्या की डावं-उजवं सारखं आहे का हे कुठल्याही मापाशिवाय कळतं. शेवटी जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्यातून दहा छेदांचे साचे कापून लावून पाहा. फटीतून उजेड दिसला तर खड्डा आहे.

हे काम गच्चीवर, मास्क लावून. एमडीएफची धूळ अतिशय बारीक असते आणि त्यातलं गोंदाचं रसायन घशाला लागतं. पॉलिश पेपर बोटाने धरू नका, लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळा. बोटाने घासलं की बोटाच्या मापाचे खड्डे पडतात आणि ते रंगाखालीच दिसतात.

बंद करणं

सँडिंग सीलर थिनरमध्ये निम्मा-निम्मा करून पहिला हात द्या, सगळा शोषला जाईल. कडा जास्त पितात, तिथे दुसरा आणि तिसरा. दोन हातांच्या मध्ये 320 नंबर. मग लांबी, पातळ थरांत. एनसी लांबीचा दोन मिमीचा थर एकदम भरला तर वरून वाळतो, आतून महिनाभर बसत राहतो, आणि रंग झाल्यावर तिथे खळगा पडतो. खोल खड्डा असेल तर आधी एम-सील, वर लांबी. सगळं गुळगुळीत वाटलं की काळ्या स्प्रेचा अगदी हलका शिडकावा करून 400 नंबरने घासा. जिथे काळं उरेल तिथे खड्डा, जिथे पटकन निघून जाईल तिथे उंचवटा.

हलच्या आतली पोकळी आणि डेकखालची बाजूही सील करा. बाहेरून बंद आणि आतून उघडा हल पावसाळ्यात पोट फुगवतो.

डेक

खऱ्या डेकच्या फळ्या साधारण वीतभर रुंद, म्हणजे 1:200 ला एक मिमीच्या आसपास. मध्यभागी शंभरावर रेघा येतात. सागाचं विनियर घेऊ नका, त्याचे रेषे इतके ठळक असतात की फळीपेक्षा रेषाच मोठा दिसतो. फिकट, बारीक रेषांचं विनियर 3 मिमी प्लायवर चिकटवा आणि बोथट केलेल्या कटरच्या टोकाने स्टीलच्या पट्टीवरून एकेक मिमीवर ओरखडे काढा. धारदार पातं विनियर चिरतं, बोथट टोक दाबून खाच पाडतं. वर पाणी घातलेला गडद तपकिरी अ‍ॅक्रेलिक लावून लगेच पुसून घ्या, रंग खाचांत राहतो. टरेट, धुराडी, पूल यांच्या जागा आधीच पेन्सिलने आखून ठेवा, म्हणजे त्यांच्याखाली रेघा मारण्याचा वेळ वाचेल आणि तिथे गोंदही कोऱ्या लाकडाला धरेल.

तोफा आणि इंजेक्शनच्या सुया

मिकासावर चार 12 इंची, चौदा 6 इंची आणि वीस बारा पौंडी तोफा. यातल्या चौतीस तोफांचं काम औषधाच्या दुकानात होतं. 6 इंची तोफेचं तोंड 152 मिमी, 1:200 ला 0.76. बारा पौंडी 76 मिमी, म्हणजे 0.38. आता सुया पाहा: 18 गेजची सुई बाहेरून 1.27 आणि आतून 0.84 मिमी, 22 गेजची बाहेरून 0.72 आणि आतून 0.41. तोफेचं तोंड खरंखुरं पोकळ मिळतं, भोक पाडायची गरज नाही. सुया नव्या, सीलबंद पाकिटातल्याच घ्या. वापरलेली सुई घरात आणायची नाही, फुकट मिळाली तरी.

लांबी तोंडाच्या व्यासाच्या चाळीस पट धरा. 6 इंची 30.5 मिमी, बारा पौंडी 15 मिमी. यातला मागचा भाग केसमेटच्या आत जातो, किती ते आराखड्यावरून. सुई पक्कडने तोडली की नळी चपटी होते. कटिंग डिस्कने कापा, किंवा तिकोनी कानशीचा कोपरा टेकवून सुई बोटाखाली फिरवत चारही बाजूंनी खाच पाडा आणि मग वाकवून मोडा. कापताना आत उरलेली धातूची खरखरीत कड शिवणकामाच्या सुईने काढा. चष्मा लावल्याशिवाय हे करू नका, तुकडा उडतो तो दिसतही नाही. स्टेनलेस स्टीलला घरगुती सोल्डर धरत नाही, त्यामुळे जोड अरल्डाइटचाच.

सुई सगळीकडे एकाच जाडीची, तोफ मात्र मागे जाड असते. पातळ कागदाचा लांब काटकोन त्रिकोण कापा, त्याची उभी बाजू सुईच्या मागच्या टोकाला लावून गुंडाळत या, फेविक्विकचा एक थेंब शोषू द्या, वाळल्यावर 600 नंबरने फिरवत घासा. कागदाची पायरी जाते आणि हवा तसा निमुळता आकार राहतो. चौदाही तोफांना एकाच मापाचा त्रिकोण वापरा, नाहीतर ओळीत एखादी लठ्ठ दिसते.

12 इंची तोफेला 3 मिमीची पितळी नळी, आतलं तोंड दीड मिमीच्या जवळपास. ड्रिलमध्ये पकडून फिरवा आणि सपाट कानशीने पुढचा भाग निमुळता करा. जोर लावला तर नळी थरथरते आणि वाकते, म्हणून दुसरं टोक लाकडाच्या तुकड्यातल्या भोकात टेकवा. टरेट सनबोर्डचे थर चिकटवून घडवा. दोन्ही तोफा समांतर राहाव्यात म्हणून आराखड्यावरच्या अंतराने पुठ्ठ्यात दोन भोकं पाडून नळ्या त्यात अडकवा आणि अरल्डाइट पूर्ण घट्ट होईपर्यंत तशाच ठेवा. टरेट डेकवर चिकटवायचे नाहीत. खाली 5 मिमीचं चुंबक बसवा, रंगाच्या वेळी उचलता येतात आणि धक्का लागला तर तोफ मोडण्याऐवजी टरेट फिरतो.

फेविक्विकचा इथला स्वभाव लक्षात ठेवा. तो हवेतल्या ओलीने घट्ट होतो. म्हणून मे महिन्यात नेहमीपेक्षा उशीर लावतो आणि भाग निसटतात, तर जुलै-ऑगस्टमध्ये झटकन धरतो आणि भोवती पांढरी राख सोडतो. पावसाळ्यात थेंब टाचणीच्या टोकाने लावा आणि पंख्याचा वारा कामावरून जाऊ द्या. राख रंगाच्या आधी ओल्या कापडाने पुसली जाते, रंगानंतर नाही.

बाकीचे बारीक भाग

डेकवरचे हवा घेणारे भोंगे या काळाच्या जहाजावर ढिगाने असतात आणि लोक तिथेच कंटाळतात. इतवारीत मण्यांच्या दुकानांत 4, 5 आणि 6 मिमीचे प्लास्टिकचे मणी मिळतात. मणी तारेवर घट्ट बसवून एका बाजूने सपाट घासा, आत ड्रिलच्या छोट्या गोल टोकाने (बुरने) पोकळ करा, तारेचा देठ डेकमधल्या भोकात. धुराड्यांना इलेक्ट्रिकच्या पीव्हीसी पाइपचा व्यास जुळतो का पाहा, नाही तर पुठ्ठा गुंडाळा. तोंडाची कड मात्र कानशीने आतून पातळ करा, जाड काठाचं धुराडं लगेच खेळणं वाटतं.

होड्या शिवणीतून कोरा. हलच्या गोल खिडक्यांसाठी मास्किंग टेप लावून एक ओळ आखा आणि हातड्रिलने 1.5 मिमीची भोकं पाडा. विजेचं ड्रिल टेपवरून घसरतं, आणि वाकड्या गेलेल्या एका भोकामुळे सगळी ओळ वाकडी दिसते.

कठड्यांना 30 गेजच्या तारेचे 5 मिमी उंचीचे खांब, आडव्या तारा 42 गेजच्या. लाकडाच्या पट्टीवर समान अंतरावर खाचा करून त्यातच जोडा आणि तयार कठडा उचलून बसवा. जागेवर एकेक खांब रोवत बसलात तर दोन सारखे येणार नाहीत.

रंग

ऑक्टोबरची उकाड्याची ओल संपली की सुरू करा. मे महिन्याच्या दुपारी स्प्रेचे थेंब हवेतच वाळतात आणि हलवर पिठासारखे बसतात. पावसाळ्यात एनसी रंग आणि वार्निश वाळताना ओल धरून दुधाळ होतात. डिसेंबरच्या पहाटेही घाई नको, थंड डबा थुंकल्यासारखे थेंब सोडतो. अकरा ते तीन ही हिवाळ्यातली चांगली वेळ. डबा गरम करायचा असेल तर कोमट पाण्यात ठेवा, शेगडीजवळ किंवा गच्चीवर उन्हात कधीच नाही.

सनबोर्डच्या भागांवर एनसीचा पहिला हात द्यायचा नाही. थिनर त्याचा पृष्ठभाग मऊ करतो आणि तो सुरकुततो. आधी पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रेलिक प्राइमर दोन हात, मग काहीही. ब्रशच्या टोकावर अ‍ॅक्रेलिक वाळत असेल तर रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) वापरा. पाणी वाढवत गेलं की रंग झाकत नाही.

पाणरेषा तळापासून 41.5 मिमीवर, कारण जहाजाचा डूब 8.3 मीटर होता. हल काचेवर सरळ पकडून ठेवा, तेवढ्याच उंचीच्या ठोकळ्यावर पेन्सिल बांधा आणि ठोकळा सरकवत भोवती रेघ मारा. पट्टी धरून मारलेली रेघ नाळेच्या वळणावर चुकते. खाली लाल आधी, टेप, मग वर करडा. टेपची कड आधी लालच्याच हलक्या हाताने बंद केली की करडा आत शिरत नाही. ब्राउन टेप वापरू नका, काढताना रंग घेऊन येतो.

युद्धकाळातलं मिकासा सगळं करडं. डब्यातला गडद करडा थेट मारला तर मॉडेल काळपट, जड दिसतं. लहान मापात रंग नेहमी गडद भासतो, म्हणून त्यात थोडा पांढरा मिसळा. जहाज कोळशावर चालत होतं, तेव्हा धुराड्यांची तोंडं आणि मागच्या डोलकाठीचा वरचा भाग काजळीने काळवंडलेला हवा. कोरडी काळी पूड ब्रशने लावा आणि थांबायच्या थोडं आधी थांबा. गंजाचे ओघळ बेताने. अ‍ॅडमिरलचं जहाज होतं, खलाशी रोज घासत असत.

दोऱ्या आणि झेंडे

डोलकाठ्या पितळी सळईच्या. बांबूच्याही होतात, पतंगाच्या कामट्या चांगल्या, गाठ टाळून. दोऱ्यांना सुती धागा वापरू नका. तो लवदार असतो आणि पावसाळ्यात आखडून डोलकाठी वाकवतो. 42 गेजची तांब्याची तार 0.1 मिमीची असते, म्हणजे खऱ्या मापात दोन सेंटिमीटरचा दोर. अर्धा मीटर तार दोन पक्कडींत धरून हलकेच ओढा, किंचित लांबल्याचं हाताला जाणवतं आणि ती काडीसारखी सरळ होते. मापात कापून चिमट्याने जागेवर टेकवा, टोकांना फेव्हिकॉलचा थेंब. आतून बाहेर या. बाहेरच्या दोऱ्या आधी बांधल्या तर आत हात जात नाही.

27 मे 1905 चं जहाज असेल तर दुपारी 1:55 ला फडकवलेला 'झेड' अक्षराचा संकेताचा झेंडा हवा. चार त्रिकोण: वर पिवळा, काठीकडे काळा, खाली लाल, बाहेरच्या बाजूला निळा. आरमारी निशाणाला सोळा किरणं, आणि सूर्य मध्यावर नसून काठीकडे सरकलेला. पातळ कागदावर रंगवा, ओलसर असतानाच पेन्सिलीवर तिरकं गुंडाळून लाटा द्या. सगळे झेंडे एकाच वाऱ्याने उडायला हवेत, आणि धुराड्याच्या काजळीची दिशाही तीच.

पेटी

नागपूरच्या धुळीत उघडं मॉडेल एका उन्हाळ्यात करपल्यासारखं दिसायला लागतं आणि दोऱ्यांवरची धूळ निघत नाही. साइनबोर्डवाल्याकडून 4 मिमी अ‍ॅक्रेलिकची पेटी करून घ्या. आतलं माप 760 बाय 220 मिमी, उंची डोलकाठीच्या टोकावर 40 मिमी ठेवून. पेटी जोडल्यावर दोन दिवस उघडी ठेवा, जोडणीच्या रसायनाची वाफ आत कोंडली तर रंगावर धुकं धरतं. खालच्या फळीतून दोन स्क्रू थेट हलच्या पुलांत घ्या, म्हणजे घर बदलताना जहाज आत आपटणार नाही. त्या स्क्रूंची भोकं रंगाच्या आधीच पाडून ठेवलेली बरी.

आत डांबरगोळ्या टाकू नका. त्यांची वाफ काही प्लास्टिकचे भाग मऊ करते. वाळवीसाठी उपाय करायचा तो फळीला, खालून. पश्चिमेच्या खिडकीसमोर पेटी ठेवली तर मे महिन्यात आत भट्टी होते, आणि भिंतीला टेकवली तर पावसाळ्यात मागची कड ओल धरते. दोन बोटं जागा सोडा.